डॉक्टर टिकतो कशाने?

वस्तीतल्या माणसाला मोठे दुखणे आले की तो केईएम, शीव, नायर, नाहीतर जिल्ह्याचे सिव्हिल गाठतो. खासगी दवाखान्याचे बिल आपल्याला पेलत नाही. रात्री-अपरात्री तिथे आपल्याला तपासतात ते बहुतेक निवासी डॉक्टर, म्हणजे एमबीबीएस होऊन पुढचे शिक्षण घेणारी तरुण मुले-मुली. शिक्षण संपले की त्यातले कितीतरी जण सरकारी दवाखाना सोडतात. ‘पैशामागे गेले’ असे आपण म्हणतो. पैसा हे एक कारण आहेच, पण तेवढेच नाही.

१९४६ मध्ये मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी मांडलेल्या विधेयकामुळे कारखान्यातल्या कामगाराचा आठवडा ४८ तासांचा झाला. निवासी डॉक्टरांसाठी केंद्राच्या १९९२ च्या योजनेतही तेच ४८ तास लिहिले आहेत. प्रत्यक्षात सलग २४, कधी ३६ तासांची ड्युटी पडते. इतके तास जागा असलेला माणूस आपल्या आईला सलाईन लावतो, हा आपलाच प्रश्न नाही का?

त्याहून वाईट म्हणजे पाठीशी कोणी नसणे. मे २०१९ मध्ये नायर रुग्णालयात शिकणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर जातीवरून छळ केल्याचा आरोप ठेवला गेला, प्रकरण कोर्टात गेले. आधीच तक्रार केली होती, असे घरच्यांचे म्हणणे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीत विसाव्याला गेलेल्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. जिथे जीव आणि अब्रू सुरक्षित नाही, तिथे कोण मन लावून राहील?

सरकारचा उपाय म्हणजे बाँड. एमबीबीएसनंतर एक वर्ष सरकारी सेवा करा. बाँडने हजेरी मिळते, जिव्हाळा मिळत नाही. तो मिळतो ठरलेल्या तासांनी, आतून कडी लागणाऱ्या विश्रांतीच्या खोलीने, तक्रार ऐकणाऱ्या वरिष्ठाने आणि वॉर्डात औषध असण्याने. औषध नसले की ‘बाहेरून आणा’ची चिठ्ठी डॉक्टर लिहितो, आणि शिव्याही तोच खातो.

आपलेही काही चुकते. २०१७ मध्ये धुळ्यात निवासी डॉक्टरला जबर मारहाण झाली, आणि राज्यभर डॉक्टर कामावर आले नाहीत. हाल गरिबाचेच झाले. राग असेल तर अधिष्ठात्याकडे लेखी तक्रार द्या, नगरसेवकाला गाठा, पण डॉक्टरवर हात उचलू नका.

आता आपल्या वस्तीतल्या मुलीही डॉक्टर होत आहेत. त्यांना कॉलेजात सोडताना फक्त फी विचारून येऊ नका. तक्रार समितीत कोण आहे, तेही विचारा. मुलगी फोनवर रडली तर ‘सहन कर’ म्हणू नका. ती तिथे टिकली, तरच उद्या आपल्याला आपुलकीने तपासणारे कोणी असेल.