सुट्टीसुद्धा व्यायामच!

वडगाव मावळच्या हर्षदा गरुडनं २०२२ मध्ये ग्रीसला ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंगचं सुवर्णपदक जिंकलं. ४५ किलो वजनगटातली मुलगी, दोन प्रकारांत मिळून १५३ किलो उचलले! त्या बातमीचं कात्रण मी जपून ठेवलं होतं. गेल्या वर्षी मंडळातल्या आम्ही चौघीजणी हिंगणघाटला जिममध्ये जाऊ लागलो, तेव्हा ते सगळ्यांना दाखवलंसुद्धा.

डेडलिफ्ट जमली आणि मला चेवच आला. जमिनीवरचा वजनाचा दांडा पाठ सरळ ठेवून, मांड्यांच्या जोरावर उचलायचा. रोजच करायला लागले. महिनाभरात कंबर अशी धरली, की साधी परात उचलवेना.

डॉक्टरांनी विचारलं, "ताई, मधे सुट्टी किती घेता?"

"सुट्टी कशाला? खंड पडू नये ना!"

तिथंच चुकलं होतं. वजन उचलताना स्नायूंवर ताण येतो. ते बळकट होतात नंतर, विश्रांतीत. डेडलिफ्टनं तर पाठ, कंबर, मांड्या सगळ्यांवरच भार येतो. नवशिक्या बाईला ती आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा पुरे. सोमवारी केली तर पुन्हा गुरुवारी. मधल्या दिवसांत चालावं, सात-आठ तास झोपावं, ताटात वरण, उसळ, दही असावं. चालत असतील तर अंडीही.

पण मैत्रिणींनो, जिमला सुट्टी घेतली तरी घरात कुठे मिळते? पाण्याचे गुंड आहेतच. सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन वेगळं. आर्वी-देवळीकडे कापूस वेचणाऱ्या बाया तर दिवसभर वाकून वेचतात आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेतात. त्यांना सुट्टीचा वारच नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. राबणाऱ्या खांद्याला आराम लागतो, हे ज्या घराला कळतं, त्याला घरच्या बाईची कंबर का कळू नये?

आता माझ्या सुट्टीच्या दिवशी पाणी मुलगा भरतो, सिलिंडर त्याचे बाबा लावतात. आपणहून नाही मिळालं, मागावं लागलं. तुम्हीही मागा. आराम म्हणजे आळस नव्हे. अर्धा व्यायाम तोच आहे.