ग्रंथपरीक्षण : भयकथेची पारख
भयकथा वाचून अंगावर कांटा आला, एवढ्यावरून ती सरस ठरत नाहीं. भीति ओसरल्यावर मनांत काय उरतें, तें पाहावें. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांची १९०२ सालची ‘द मंकीज् पॉ’ ही इंग्रजी कथा या कसोटीस उतरते. तीन वर देणाऱ्या माकडाच्या पंजाकडे बाप २०० पौंड मागतो; ते मिळतात, पण यंत्रांत सांपडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून! आईच्या हट्टानें तो मुलाला परत मागतो. दारावर थापा पडतात. आई कडी काढते तोंच बाप तिसरा वर मागतो. बाहेर रस्ता ओस! दाराबाहेर कोण होतें, हें लेखक सांगत नाहीं. आईची व्याकुळता मात्र विसरवत नाहीं. नुसत्या रक्तपातानें भिवविणाऱ्या पुस्तकांत ही माया नसते. मुलांच्या हातीं भयकथा देतांना वडील मंडळींनीं एवढें पडताळावें.