छातीवरचे फूल आणि वहीतली नोंद

डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की आमच्या बँकेच्या शाखेत सैनिक कल्याण कार्यालयाचे एक पाकीट येत असे. त्यात कागदाचे चिमुकले ध्वज असत. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे, म्हणजे आपली तिन्ही सैन्यदले. बरोबर टाचण्यांची डबी. संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २८ ऑगस्ट १९४९ रोजी ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरविला. हुतात्म्यांच्या कुटुंबांसाठी, जखमी झालेल्या व निवृत्त सैनिकांसाठी त्या दिवशी निधी गोळा व्हावा, हा त्यामागील हेतू होता.

या ध्वजाकडे पाहण्याची माझी दृष्टी पहिल्यापासून बँकवाल्याची राहिली. तो ध्वज म्हणजे पावती. पैसे दिले, त्याची खूण छातीवर लागली. दुकानदार मंडळी काउंटरवर नोट ठेवीत आणि ध्वज तिथेच विसरून जात. काही सद्गृहस्थ डब्यात एक नाणे टाकून तोच ध्वज संध्याकाळपर्यंत मिरवीत. कोणाची देशभक्ती अधिक, हे टाचणीवरून ठरविता आले असते तर कॅशियरचे काम फारच सोपे झाले असते.

गेल्या वर्षी व्यापाऱ्यांच्या एका बैठकीत असा प्रस्ताव आला, की ध्वजदिनी प्रत्येक दुकानातील मालकापासून नोकरापर्यंत सर्वांनी ध्वज लावलाच पाहिजे आणि तसे छायाचित्र ग्रुपवर टाकले पाहिजे. एका तरुण सभासदाने हरकत घेतली. ‘पैसे अवश्य देतो, पण ‘लावलाच पाहिजे’ हे मान्य नाही. शिवाय गोळा झालेल्या रकमेचा हिशेब मंडळाने वाचून दाखवावा,’ एवढेच तो म्हणाला. सभेत कुजबुज झाली. कोणी त्याला सैन्याचा विरोधक म्हटले. मला मात्र त्याच्या दोन वाक्यांत जगभर शंभर वर्षे चाललेल्या एका वादाचा सारांश ऐकू आला. आपल्या वाचकांना तो वाद फारसा ठाऊक नसावा, म्हणून हा प्रपंच.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर महिन्यात लोक कोटावर कागदाचे तांबडे फूल लावतात. ते अफूच्या कुळातील रानफूल. पहिल्या महायुद्धात बेल्जियम-फ्रान्सच्या उद्ध्वस्त रणभूमीवर ते उगवलेले दिसे. कॅनडाच्या सैन्यातील डॉक्टर जॉन मॅक्रे यांनी १९१५ साली लिहिलेल्या कवितेने त्याला स्मृतीचा अर्थ दिला आणि १९२१ पासून तेथील माजी सैनिकांची संस्था, ब्रिटिश लीजन, ११ नोव्हेंबरसाठी हे फूल विकू लागली. युद्ध १९१८ साली त्याच दिवशी थांबले होते. फुलाचे पैसे अपंग सैनिकांसाठी व मृतांच्या कुटुंबांसाठी जात. हेतू निर्मळ होता, यात शंका नाही.

पण साम्राज्य जेथे जेथे होते तेथे तेथे हे फूलही गेले, आणि तेथेच हिशेबाचा प्रश्न उभा राहिला. शेजारच्या सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, दर ११ नोव्हेंबरला फुले विकली जात. विकत घेणारे सिंहली आणि तमिळ. रकमेचा मोठा भाग मात्र ब्रिटनकडे रवाना होई. सिलोनचेही सैनिक त्या युद्धात गेले होते. त्यांच्या वाट्याला काय येते, असा प्रश्न एलियन परेरा यांनी विचारला. लक्षात घ्या, हे गृहस्थ कोणी चळवळे नव्हते, माजी सैनिकांचेच पुढारी होते. उत्तर समाधानकारक मिळेना, तेव्हा १९३१ साली त्यांनी त्याच दिवशी दुसरे फूल विकायला काढले. हे ‘सुरिया’चे फूल, आपल्याकडे ज्याला पारस पिंपळ म्हणतात त्या झाडाचे. सकाळी पिवळे असते, मावळताना तांबूस होते. पैसा सिलोनच्याच सैनिकांना मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती.

दोन वर्षांनी, १९३३ मध्ये, कोलंबोच्या युवक संघाने ती कल्पना उचलली आणि तिला उघड राजकीय धार आली. चळवळीच्या पहिल्या अध्यक्ष डोरीन यंग या जन्माने इंग्रज होत्या आणि कोलंबोतील मुलींच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या. ‘फुलांची लढाई’ या अर्थाच्या मथळ्याचा त्यांचा लेख वर्तमानपत्रात आला आणि सिलोनमधील मुलांनी ब्रिटिश माजी सैनिकांसाठी पैसे का द्यावेत, हा प्रश्न घरोघरी पोहोचला. नोव्हेंबरच्या अकरा तारखेला रस्त्याच्या एका बाजूला तांबडे फूल व दुसऱ्या बाजूला पिवळे फूल विकले जाऊ लागले. कोणाच्या छातीवर कोणते फूल, यावरून त्याचे राजकारण कळे. पुढे १९३४-३५ मध्ये हिवतापाची भयंकर साथ आली, तेव्हा हीच मुले औषधे व धान्य घेऊन खेड्यापाड्यांत गेली. १९३५ च्या डिसेंबरात तेथे जो समाजवादी पक्ष स्थापन झाला, त्याची पहिली फळी याच कामातून तयार झाली होती. एका जमाखर्चाच्या प्रश्नातून एवढे उभे राहिले.

आपल्या देशानेही त्या युद्धात कमी दिले नव्हते. दहा लाखांहून अधिक हिंदी सैनिक समुद्रापार गेले, सुमारे ७४ हजार परतले नाहीत. त्यानंतर हाती आले ते रौलट कायदा आणि १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बाग. शंभर वर्षांनी, २०१८ साली, ब्रिटिश लीजनने त्या सैनिकांच्या स्मरणार्थ खादीचे तांबडे फूल काढले. आपल्याकडेही, दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनच्या उपक्रमातून, हिंदी सैनिकांच्या स्मृतीसाठी झेंडूचे फूल पुढे आले. मला झेंडू अधिक जवळचा वाटतो. दसऱ्याला आपल्या दुकानाच्या चौकटीवर तोच असतो.

त्याच फुलाची आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन बीजिंगला गेले, तेव्हा कोटावरची फुले काढावीत अशी सूचना चिनी अधिकाऱ्यांकडून आल्याचे प्रसिद्ध झाले. कॅमेरॉन यांनी ती मानली नाही. चिनी माणसाला त्या फुलात सैनिक दिसत नाही, एकोणिसाव्या शतकातील अफूची युद्धे दिसतात. वास्तविक कोटावरचे फूल अफू देणारे नव्हे. पण आठवण वनस्पतिशास्त्र विचारून येत नाही. आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, त्या व्यापारात पारशी होते, मारवाडी होते, आपल्या समाजातील पेढ्याही होत्या. भायखळ्याचे देरासर व शत्रुंजयावरील टूक ज्यांच्या नावाने आपण आदराने ओळखतो, ते शेठ मोतीशा जमशेटजी जीजीभॉय यांच्याबरोबर चीनच्या व्यापारात होते. देवळाची कमान दाखविताना वहीचे ते पान फाडून टाकता येत नाही.

हे झाले पैशाचे आणि अफूचे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे, तो म्हणजे हे स्मरण नेमके कोणाचे? जेम्स मॅक्लीन नावाचा एक फुटबॉलपटू उत्तर आयर्लंडमधील डेरी शहराचा. तेथे ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र मोर्चावर गोळीबार केला. तेरा जण त्या दिवशी गेले, एक पुढे दगावला. मॅक्लीन ज्या वस्तीत वाढला तेथील लोक त्या मृतांत होते. इंग्लंडमध्ये खेळत असताना नोव्हेंबरात सर्वांच्या सदऱ्यांवर फूल छापले जाई, तो मात्र नकार देत असे. दर वर्षी शिव्या, धमक्या. २०१४ साली त्याने आपल्या क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहून सांगितले, की दोन महायुद्धांत मेलेल्यांपुरतेच हे फूल असते तर मी ते रोज लावले असते. पण ते नंतरच्या सर्व लढायांतील सैनिकांसाठीही आहे, आणि त्यात माझ्या गावात गोळ्या झाडणारेही येतात. गमतीची बाब अशी, की डेरीच्या त्या गोळीबाराबद्दल जून २०१० मध्ये संसदेत क्षमा मागणारे पंतप्रधान आणि पाच महिन्यांनी बीजिंगमध्ये फूल न काढणारे पंतप्रधान एकच. मला दोन्ही कृती योग्य वाटतात. पण मग मॅक्लीनचा नकारही तितकाच योग्य मानावा लागतो.

दूर कशाला जायचे? आपण नागपूरकर सीताबर्डीच्या किल्ल्याखालून रोज ये-जा करतो. तेथे २६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी आप्पासाहेब भोसल्यांचे सैन्य कंपनीच्या फौजेकडून हरले. त्याच युद्धात, जेमतेम पाच आठवड्यांनी, १ जानेवारी १८१८ ला भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली. तेथे कंपनीने जो स्तंभ उभारला, त्यावर पडलेल्यांची नावे आहेत आणि त्यांत महार सैनिकांची नावे सर्वांत अधिक आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले. १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा सैनिकांच्या टोपीवरील बिल्ल्यात हाच स्तंभ होता. पुढे तो काढण्यात आला आणि त्या जागी खंजीर आला. स्वतंत्र देशाच्या सैन्याने कंपनीच्या विजयाचे चिन्ह टोपीवर वागवावे काय, ही शंका रास्त आहे. पण स्तंभाला वंदन करणाऱ्यांना आजही जेव्हा ‘तुम्ही इंग्रजांचा विजय साजरा करता’ असे खडसावले जाते, तेव्हा तो केवळ विचारांचा आळस असतो. ज्यांना गावात माणूस म्हणून उभे राहण्याची मुभा नव्हती, त्यांच्या पणजोबाचे नाव जर कोठे दगडावर सन्मानाने कोरलेले असेल, तर ते पणतू त्या दगडात कंपनी पाहत नाहीत, पणजोबा पाहतात. एकाच स्तंभाचे दोन अर्थ दोघांच्याही बाजूने खरे असू शकतात. आमच्या वहीत एकच रक्कम एका खात्यावर जमा आणि दुसऱ्या खात्यावर नावे पडते, तसेच हे.

आता आपल्या घरचा प्रश्न. बैठकीनंतर एका ज्येष्ठ बंधूंनी मला बाजूला घेऊन विचारले, ‘साहेब, अहिंसेच्या अनुयायाने सैन्याचे चिन्ह लावावे का?’ हा प्रश्न इंग्लंडमधील बायकांनाही पडला होता. सहकारी चळवळीतील महिला संघाने १९३३ मध्ये पांढरे फूल काढले. त्यांतील कितीतरी जणींचे पती, मुलगे, भाऊ पहिल्या महायुद्धात गेले होते. मेलेल्यांचे स्मरण करू, पण पुढचे युद्ध नको, असे त्यांचे म्हणणे. मृतांचा अपमान केला असा आरोप त्यांच्यावर झाला, पांढरे फूल लावल्याने काहींच्या नोकऱ्या गेल्याचेही सांगितले जाते. १९८६ मध्ये पंतप्रधान थॅचर यांनी संसदेत या फुलाबद्दल तीव्र नापसंती बोलून दाखविली. ज्या घरातून मुलगा गेला त्या घरातील आईला देशनिष्ठा शिकविण्याचा हा प्रकार मला असह्य वाटतो.

आपल्या आचार्यांनी मात्र हा पेच अधिक सूक्ष्मपणे सोडविला आहे. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार करताना गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी असे सांगितले. आक्रमकाला तोंड देताना घडणारी विरोधी हिंसा त्याच्याकडून सर्वस्वी टळणार नाही, हे ओळखले. श्रवणबेळगोळची गोम्मटेश्वराची मूर्ती ज्याने घडविली तो चामुंडराय गंग राजांचा सेनापती होता. आणि त्याच्या नावाची नोंद करणारी त्या मूर्तीच्या पायाशी असलेली ओळ मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत गणली जाते. सीमेवर पहारा देणाऱ्याच्या विधवेला चार पैसे देण्यात व्रतभंग होतो, असे कोणत्याही श्रावकाने मानू नये. ध्वज लावावा की न लावावा, हे ज्याच्या त्याच्या मनावर. एखाद्याला पैसे देऊन छाती रिकामी ठेवावीशी वाटली तर तीही एक साधनाच.

हेच नागपूर १९२३ साली ध्वजासाठी तुरुंगात गेले होते. सिव्हिल लाइन्समध्ये तिरंगी झेंडा घेऊन जाण्यास सरकारची बंदी होती. १ मे रोजी सत्याग्रह सुरू झाला, वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज त्याचे नेतृत्व करीत होते. त्यांना अटक झाल्यावर वल्लभभाई पटेल आले आणि १८ ऑगस्टला मिरवणूक त्या रस्त्याने गेली. तोवर दीड हजारांहून अधिक लोक पकडले गेले होते. ते सर्व आपण होऊन आले होते, कोणीही हजेरीपटावर सही घेऊन त्यांच्या हाती झेंडा दिला नव्हता.

तेव्हा येत्या ७ डिसेंबरसाठी मंडळाच्या अध्यक्षांना मी लेखी कळविले आहे, की छायाचित्राची अट वगळावी. ध्वज आणि टाचण्या गल्ल्याजवळ ठेवाव्यात. प्रत्येक रकमेची क्रमांकित पावती द्यावी, रक्कम आठ दिवसांत सैनिक कल्याण कार्यालयात भरावी आणि तेथून मिळालेली पोच मंडळाच्या फलकावर लावावी. हिशेब मागणाऱ्या त्या तरुणालाच निधीचा खजिनदार नेमावे, अशीही सूचना केली आहे. अध्यक्षांचे उत्तर अजून आलेले नाही. तरुण मात्र तयार आहे.