समुद्रातल्या पवनचक्क्या: खवळलेलं पाणी त्यांचं शत्रू की मित्र?

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, मुख्य भूमी आणि स्ट्रोमा नावाचं छोटंसं बेट यांच्यामध्ये समुद्राची एक अरुंद पट्टी आहे. भरती-ओहोटीच्या वेळी इथलं पाणी सेकंदाला 5 मीटरपर्यंत वेगाने धावतं. म्हणजे ताशी 18 किलोमीटर. ऐकताना हा सायकलचा वेग वाटेल, पण पाणी हवेपेक्षा 800 पटींहून अधिक घन असतं.

याच तळावर 'मेजेन' प्रकल्पाची चार टर्बाइन उभी आहेत. प्रत्येकाची क्षमता दीड मेगावॉट, पात्यांच्या चक्राचा व्यास 18 मीटर. पाण्याखालच्या पवनचक्क्याच म्हणा ना. यातलं एक टर्बाइन अनपेक्षित दुरुस्तीसाठी न थांबता सहा वर्षांहून अधिक काळ चाललं, ही 2025 सालची बातमी तुमच्याही नजरेस पडली असेल. दरम्यान 2022, 2023 आणि 2024 च्या लिलावांत ब्रिटन सरकारने मेजेनला एकूण 59 मेगावॉटसाठी हमीभाव दिला आहे. म्हणजे आता चारांच्या शेजारी आणखी बरीच टर्बाइन उभी राहायची आहेत. खरा प्रश्न तिथेच सुरू होतो.

वेळापत्रक पक्कं, पण पाणी लहरी

भरतीच्या विजेचं मोठं कौतुक असतं ते तिच्या नेमकेपणाचं. सूर्य ढगाआड जातो, वारा पडतो, पण भरती कधी येणार हे अनेक वर्षं आधी सांगता येतं. हे खरंच आहे. मात्र सांगता येतो तो सरासरी वेग. पुढच्या सेकंदाला पात्यावर आदळणाऱ्या पाण्याचा वेग नाही. तळाचे खडक, बेटाची टोकं, वरून येणाऱ्या लाटा यांमुळे त्या प्रवाहात लहानमोठे भोवरे सतत तयार होत असतात.

वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात मिळते. वेग 10 टक्के घटला तर ताकद 27 टक्क्यांनी घटते, 20 टक्के घटला तर जवळपास निम्मी होते. त्यामुळे क्षणाक्षणाला बदलणारा वेग म्हणजे पात्यांवर, बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सवर क्षणाक्षणाला बदलणारा भार. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुन्हा पुन्हा पुढे-मागे वाकवली की तुटते. धातूचं आणि फायबरच्या पात्यांचंही तसंच.

पाण्याच्या जोराचा अंदाज चुकला की काय होतं, ते कॅनडाने पाहिलं. फंडीच्या आखातात नोव्हेंबर 2009 मध्ये 1 मेगावॉटचं टर्बाइन उतरवलं गेलं. काही आठवड्यांतच त्याची पाती उद्ध्वस्त झाली. प्रवाह अपेक्षेपेक्षा कितीतरी जोरदार निघाला होता.

मागच्या टर्बाइनच्या वाट्याला काय येतं?

होडी पुढे गेल्यावर मागे पाण्याचा एक पट्टा ढवळलेला राहतो. टर्बाइनच्या मागेही असा पट्टा तयार होतो, फक्त इथे पाण्याची ताकद काढून घेतलेली असल्यामुळे ते मंदावलेलंही असतं. इंग्रजीत याला 'वेक' म्हणतात. त्या पट्ट्यात दुसरं टर्बाइन उभं केलं तर त्याला उष्टं पाणी मिळतं: वेग कमी आणि भोवरे जास्त.

पण भोवरे इथे थोडी मदतही करतात. फ्रान्समध्ये बुलोन-सुर-मेर इथल्या इफ्रमेर या सागरी संशोधन संस्थेच्या कृत्रिम प्रवाहाच्या टाकीत टर्बाइनची छोटी प्रतिकृती दोन प्रकारच्या पाण्यात फिरवून पाहिली गेली. एकदा वेगातले चढउतार सरासरीच्या 3 टक्के, एकदा 15 टक्के. शांत पाण्यात तो मंद पट्टा व्यासाच्या दहापट अंतरावरही स्पष्ट दिसत होता. खळबळत्या पाण्यात तो बराच लवकर विरला, कारण भोवरे आजूबाजूचं वेगवान पाणी आत ओढून आणतात. सरासरी वीज फारशी बदलली नाही. भारातले चढउतार मात्र खूप वाढले.

म्हणजे ज्या खळबळीमुळे पाती थकतात, तिच्यामुळेच टर्बाइन जरा जवळ जवळ उभी करता येतात. आणि जवळ उभी करणं म्हणजे समुद्राखालची केबल कमी, खर्च कमी. टर्बाइन एकामागे एक न लावता तिरकी लावण्याचा मार्ग आहेच, पण अरुंद सामुद्रधुनीत जागा किती असणार? शिवाय दर सहा तासांनी प्रवाह उलटतो. सकाळची पहिली रांग दुपारी शेवटची होते.

खर्चाचं हे गणित किरकोळ नाही. 2024 च्या लिलावात भरतीच्या विजेला मेगावॉट-तासाला 172 पौंडांचा भाव मिळाला, तर समुद्रातल्या नव्या पवनचक्क्यांना सुमारे 59 पौंडांचा (दोन्ही 2012 च्या किमतींत).

भारतालाही हे जड गेलं आहे. मेजेनमागच्या अटलांटिस कंपनीबरोबर कच्छच्या आखातात 50 मेगावॉटचा प्रकल्प उभारण्याची घोषणा गुजरातने 2011 मध्ये केली होती. तो उभा राहिला नाही. सुंदरबनातल्या दुर्गादुआनी खाडीवरचा 3.75 मेगावॉटचा प्रकल्पही खर्च परवडेना म्हणून सोडून द्यावा लागला.