वृत्तपत्रविद्या शिकावी की नाही?

द्वितीय वर्ष संपत आले की 'पुढे काय?' हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याला जो तो विचारतो. बी. एड. किंवा स्पर्धा परीक्षा म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते. मी वृत्तपत्रविद्या म्हणतो, तेव्हा मात्र दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला घरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार. "बातम्या लिहून पोट भरतं का रे?" हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. तालुक्याच्या वार्ताहराला पुष्कळदा जाहिरातींच्या कमिशनवरच भागवावे लागते. शिवाय माझा पुण्याचा खर्च आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण, दोन्ही एकाच तुटपुंज्या पगारातून व्हायचे.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. पत्रकार वर्गात घडत नसतो, असे ते म्हणतात. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर कोणत्या पत्रकारितेच्या वर्गात बसले होते? लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातील तरवडीचे मुकुंदराव पाटील पाहा. १९१० पासून १९६७ पर्यंत त्यांनी 'दीनमित्र' चालविले, तेही नेवासे तालुक्यातील एका खेड्यात राहून!

हे उदाहरण मोठेच आहे. पण मुकुंदरावांचे जनक वडील कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली 'दीनबंधु' काढले होते, हे आपण विसरतो. वृत्तपत्राचा वारसा मुकुंदरावांना घरातूनच मिळाला. आमच्या घरी वर्तमानपत्र आले ते भेळीच्या पुड्यातून. ज्याला असा वारसा नाही, त्याने तो कोठून आणावा?

आपल्या पाण्याचेच घ्या. गोदावरीच्या कालव्यांचे आवर्तन केव्हा सुटणार, यावर येथील पिके उभी असतात. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचे म्हटले की सभा आणि आंदोलने होतात. बातमी बरेचदा 'शेतकऱ्यांत संताप' एवढ्यावरच थांबते. पण २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाविषयी काय लिहिले आहे? धरणांत साठा किती? हे सांगायचे तर कायदा वाचता यावा, आकडे तपासता यावेत आणि साहेबासमोर उभे राहून न अडखळता प्रश्न विचारता यावा. संताप आम्हाला आहेच. शिकायचे आहे ते हे.

म्हणून माझे मत असे की जावे. १९६४ साली पुणे विद्यापीठाने रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हे शिक्षण सुरू केले, ते आपल्यासारख्यांच्याही उपयोगी पडले पाहिजे. शिष्यवृत्ती आणि 'कमवा व शिका' योजना यांच्या आधाराने खर्चाची निदान अर्धी तोंडमिळवणी करता येईल, असे मी वडिलांना सांगितले आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही.

पदवी मिळाली म्हणजे पत्रकार झालो, असे मात्र मी मानत नाही. अजून एक वर्ष हाती आहे. मित्रहो, तोवर आपापल्या गावच्या ग्रामसभेला जाऊन बसू या, ऐकलेले टिपून घेऊ या आणि पडताळून महाविद्यालयाच्या भित्तिपत्रिकेवर लावू या. प्राध्यापकांनी त्यातील चुका लाल शाईने दाखवाव्यात, एवढीच विनंती.