मजुरीचें माप एकच असावें

कापूसवेंचणी असो वा भाताची लावणी, स्त्रियांच्या हातांवांचून आमच्या शेतीचें पान हलत नाहीं. तथापि सायंकाळीं मजुरी देतांना बाईस पुरुषाहून कमी, हा प्रघात पुष्कळ गांवीं अद्याप चालू आहे. पुरुषाचें काम जड, असें कोणी म्हणेल. परंतु दिवसभर चिखलांत वांकून केलेली लावणी हलकी कशी? समान कामास समान वेतनाचा कायदा १९७६ सालींच झाला. महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेंतही खोदलेल्या मातीच्या मापावर मजुरी ठरली. स्त्री-पुरुष भेद केला नाहीं. धान्य घेतांना व्यापाऱ्यानें दोन मापें ठेविलीं तर आम्हां शेतकऱ्यांस संताप येतो. मग श्रम मोजतांना आपणच दोन मापें कां ठेवावीं? येत्या हंगामापासून एकच दर ठरवावा, अशी शेतकरी बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे.