शेततळ्याचें अस्तर

हल्लीं नाशिक-अहिल्यानगरकडील कोणत्याहि रस्त्यानें जाऊं लागलें कीं माळावर ठिकठिकाणीं चौकोनी तळीं चकाकतांना दिसतात. भोंवतीं उंच बांध, आंत काळ्या किंवा निळ्या प्लॅस्टिकचें तुळतुळीत अस्तर, आणि त्यांत स्तब्ध पाणी. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरच्या मळ्यांत असें तळें असेल. ज्यांच्या मळ्यांत नाहीं, त्यांच्या वडिलांच्या मनांत तें करावयाचें असेल. म्हणून या अस्तराविषयीं चार शब्द लिहिणें अप्रस्तुत होणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रथम या अस्तराचा गुण सांगणें न्याय्य होय. आपल्या दख्खनच्या पठारावर मातीचा थर संपला कीं खालीं मुरूम लागतो, आणि मुरमांत खोदलेलें तळें म्हणजे चाळणींत ओतलेलें पाणी. पूर्वीं लोक तळाशीं चिकणमाती कालवून व तुडवून बसवीत, किंवा चुनेगच्ची करीत. परंतु माती वाळली कीं भेगाळते आणि गच्ची जमीन खचतांच तडकते. प्लॅस्टिकचें अस्तर लवचीक असल्यामुळें जमिनीबरोबर वांकतें, म्हणून टिकतें. ज्या पॉलिएथिलीनचें तें बनतें, तो पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत दुसराच प्रयोग चालूं असतां अवचित हातीं आला. पुढें १९५३ सालीं जर्मनींत कार्ल झीग्लर यांनीं त्याचा अधिक घट्ट प्रकार कमी दाबाखालीं तयार करण्याची युक्ति शोधून काढली. शेततळ्यांत बहुधा हा घट्ट प्रकारच, ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा, वापरतात. काळ्या कागदांत काजळी मिसळलेली असते, तिच्यामुळें ऊन त्याला लवकर खात नाहीं.

सरकारनें २०१६ सालीं ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली, तींत मोठ्यांत मोठें तळें ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल धरलें होतें. बाजूंचा उतार वजा केला तरी अशा तळ्यांत सुमारें वीस लक्ष लिटर पाणी मावतें. चैत्र-वैशाखांत डोळ्यांदेखत डाळिंबाची बाग वाळतांना ज्या शेतकऱ्यानें पाहिली आहे, त्याला या वीस लक्ष लिटरांचें मोल कोणी शिकवावयास नको. त्याला दोष देण्यासाठीं आम्हीं लेखणी उचललेली नाहीं.

परंतु अस्तराला स्वतःचा विचार नसतो. त्यांत जें पडेल तें तें धरून ठेवतें. तें पाणी कोठून आलें हें तें विचारीत नाहीं. त्यांत पाण्याऐवजीं कोणी मूल पडलें, तरी तें त्यालाहि तसेंच धरून ठेवतें. तेव्हां विचार करावयाचा तो अस्तर घालणाऱ्यानेंच केला पाहिजे.

पहिला विचार स्थळाचा. नीरेच्या व कृष्णेच्या कांठीं अति पाण्यानें कित्येक जमिनी चिबड व खारट झाल्या आहेत. तेथें चर खणतात ते जमिनींतील नको असलेलें पाणी पाझरून बाहेर यावें म्हणून. अशा चरास आंतून अस्तर घालणें म्हणजे पाहुण्यास बोलावून दार लावून घेण्यासारखें होय. उलट, दूरच्या शेतास पाणी नेणाऱ्या पाटास तेंच अस्तर घातलें, तर वाटेंत जिरून जाणारें पाणी पिकास मिळतें. वस्तु एकच, पण एका जागीं ती उपकार करिते व दुसऱ्या जागीं अपकार.

दुसरा विचार पाणी कोणाचें याचा. पावसाळ्यांत वाहून जाणारें पाणी धरून ठेविलें, तर तो संचय होय. परंतु पुष्कळ ठिकाणीं तळें पावसाच्या पाण्यानें भरतच नाहीं. तें विहिरीचें व कूपनलिकेचें पाणी उपसून भरतात. भूगर्भांत झांकलेलें पाणी वर आणून आपण उन्हांत उघडें मांडून ठेवतों. गणिताच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब ताडून पाहावा: भरलेल्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर, कडक उन्हाळ्यांत पातळी केवळ ऊन-वाऱ्यानें दिवसाला ८ मिलिमीटर उतरली, तर ७,२०० लिटर पाणी हवेंत गेलें. जलजीवन मोहिमेनें खेड्यांतील प्रत्येक माणसासाठीं रोज ५५ लिटर पाणी ठरविलें आहे. त्या मापानें हें सव्वाशेंहून अधिक माणसांचें एका दिवसाचें पाणी झालें. आणि जमिनीखालच्या पाझरास शेताचा बांध ठाऊक नसतो. ज्याच्यापाशीं खोल कूपनलिका व मोठें तळें आहे, तो शेजारच्या उथळ विहिरींतील पाणीहि नकळत ओढून घेतो. अस्तर घातल्यामुळें तें पाणी पुनः जमिनींत मुरून शेजाऱ्याकडे परतहि जात नाहीं. सबब, आमचें प्रांजल मत असें आहे कीं, अस्तराचें तळें पावसाच्या व ओढ्याच्या पाण्यानें भरावें, विहिरीच्या पाण्यानें भरूं नये; आणि गांवांत पाझर वाढविणारें एखादें बिनअस्तराचें तळेंहि अवश्य राखावें.

थोडें अस्तर घालून पुष्कळ काम कसें साधतें, याचें उदाहरण बिनमातीच्या शेतींत दिसतें. कॅलिफोर्नियांतील प्रा. गेरिक यांनीं १९२९ च्या सुमारास ही शेती लोकांपुढें मांडली. तिच्यांतील फिरत्या पाण्याच्या पद्धतींत अस्तर लावलेल्या उथळ पन्हळींतून खतमिश्रित पाणी मुळांशीं जातें व तेंच पुनः टांकींत येतें. टांकी झांकलेली असते, पन्हळहि झांकलेली असते; उन्हाच्या वाट्यास फारच थोडें पाणी येतें.

तिसरा विचार सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सांगण्याकरितांच हा लेख लिहिला आहे. उन्हाळा आला कीं शेततळ्यांत मुलें बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागतात. ओढ्यांत किंवा पायऱ्यांच्या विहिरींत हातापायांस कांहींतरी आधार लागतो. अस्तराच्या तळ्यांत तो लागत नाहीं. बाजू उभ्या उताराच्या, त्यांवर ओलें प्लॅस्टिक, आणि प्लॅस्टिकवर शेवाळ. पट्टीच्या पोहणारासहि तेथून वर येतां येत नाहीं. एकाला वांचविण्यास दुसरा उडी घेतो आणि दोघेहि जातात.

अस्तराचा हा दोष अटळ आहे असें नव्हे. ऑस्ट्रियांत १९८० नंतर लोकांनीं पोहण्याचीं नैसर्गिक तळीं करण्यास आरंभ केला. त्यांच्याहि तळाशीं लवचीक अस्तरच असतें. परंतु एका बाजूस उथळ भाग राखून तेथें खडी पसरतात व पाणवनस्पति लावतात. त्या वनस्पति व खडीवरील सूक्ष्म जीव पाणी स्वच्छ ठेवतात, आणि पोहणारासाठीं पायऱ्या किंवा शिडी असतेच. माणूस आंत उतरणार आणि बाहेर येणार, हें करणारानें आधींच मनांत आणलेलें असतें. आमच्या शेततळ्यांत मात्र पाणी आंत कसें येईल एवढाच विचार झाला. माणूस बाहेर कसा येईल हा विचार राहून गेला.

पालकांस आमची विनंती अशी कीं, ज्या अस्तरासाठीं आपण हजारों रुपये खर्च करितां, त्याच्या शेजारीं थोडे रुपये आणखी खर्चावेत. तळ्याच्या चारहि बाजूंस पक्के खुंट ठोकून हातहातभर अंतरावर गांठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडावेत. बांधाभोंवतीं तारेचें कुंपण घालावें व फाटकास कुलूप लावावें. दोर उन्हानें कुजतो, म्हणून दरवर्षीं तो ओढून पाहावा व जरूर तर बदलावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस सांगणें एवढेंच. शेततळें पोहण्यासाठीं नाहीं. कोणी पडलाच तर त्याच्यामागें उडी घेऊं नका. मोठ्यानें हांक मारा, आणि दोर, लांब बांबू किंवा बूच लावलेला रिकामा कॅन जें हातीं लागेल तें त्याच्याकडे टाका. उन्हाळ्याच्या सुट्टींत घरीं गेल्यावर पहिल्याच दिवशीं वडिलांबरोबर बांधावर जा आणि दोर आहे कीं नाहीं तें पाहा. नसल्यास तो बांधला जाईपर्यंत त्यांच्यापाशीं हट्ट धरा. या एका हट्टाबद्दल तुम्हांस घरीं कोणी रागावणार नाहीं.